बाजूला ठेवलेली विश्वं

बाबांची बायपास ठरली तेव्हा मी युरोपातल्या एका विद्यापीठात संशोधन करत होते. महिन्याभराची रजा काढून नागपूरला आले आणि परत गेलेच नाही. तसं काही ठरवलं नव्हतं. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलातून बाबांना घरी आणलं तेव्हा ते खोकतानासुद्धा छातीशी उशी धरायचे. रात्री दोनदोनदा हाक मारून मी जागी आहे का ते बघायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मला भाऊबहीण नाही. रजा संपत आली तशी मी आमच्या गटाच्या प्रमुख बाईंना कळवलं, की मला एवढ्यात निघता येणार नाही. त्या म्हणाल्या, "काम तर संगणकावरच आहे. तिथून कर." त्यांनी तसा करार करून घेतला. तिथली माझी खोली आणि विद्यापीठातलं माझं टेबल, दोन्ही दुसऱ्या कुणाला गेली.

माझं काम आकाशगंगांच्या गर्दीचं. आकाशगंगा विश्वात सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठे दाटीने असतात, कुठे मैलोन्‌मैल म्हणावं तर शब्दच अपुरा पडेल एवढं ओसाड. एक आकाशगंगा दिसली तर तिच्यापासून अमुक अंतरावर दुसरी सापडण्याची शक्यता निव्वळ योगायोगापेक्षा किती जास्त, हे मोजता येतं. त्या मापावरून विश्वात पदार्थ किती आहे, तो किती गोळा झालाय, याचा माग काढता येतो. अडचण अशी, की पदार्थ इतका असता तर गर्दी कशी दिसली असती, हे आधी माहीत असावं लागतं, आणि जवळच्या अंतरांसाठी ते कागदावर सुटत नाही. त्यासाठी महासंगणकात एक खोटं विश्व तयार करतात. एक भलीमोठी पेटी, तिच्यात अब्जावधी कण आणि त्यांच्यात गुरुत्वाकर्षण. कण एकमेकांना ओढत जातात, गाठी होतात, त्या गाठींत आपण आकाशगंगा बसवतो. असं एक विश्व व्हायला महासंगणकालाही फार वेळ लागतो, आणि तुलनेसाठी हवी असतात लाखो. म्हणून मोजकीच विश्वं चालवायची, प्रत्येकाचे आकडे थोडे वेगळे ठेवून, आणि त्यांच्यावरून एका प्रोग्रामला शिकवायचं. मग मधल्या कुठल्याही आकड्यांसाठी, विश्व न चालवताच, तो क्षणात सांगतो की गर्दी कशी असेल. त्याला एम्युलेटर म्हणतात. मी तो शिकवत होते.

सकाळी मी कामाला बसायची तेव्हा तिकडे सगळे झोपलेले असत. बैठका दुपारनंतर. तोवर घरात बाबांचा टीव्ही, कूलरचा आवाज आणि माझी बोटं.

एका दुपारी बाबांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "तू दिवसभर कोणासंग बोलून राहते वं?"

"कोणाशीच नाही. काम करते."

"मग तोंड काहून हलते?"

काम करताना माझे ओठ हलतात हे मला माहीत नव्हतं. मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. कदाचित तिथे कुणी इतका वेळ माझ्याकडे बघत बसलं नसेल.

"मले सांग तरी काय करते ते," बाबा म्हणाले. "समजलं नाही तर नाही."

मी सांगायला लागले. बाबा सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना पीक कापणीच्या प्रयोगांना साहेबांबरोबर गावोगाव जावं लागे. चिठ्ठी काढल्यासारखं एक शेत निवडायचं, त्यात मोजून एक तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा आणि तोलायचा. अशा थोड्या तुकड्यांवरून साऱ्या भागाचं पीक किती आलं ते ठरायचं. हे मी लहानपणी ऐकलेलं होतं, पण माझ्या कामाशी कधी जोडलं नव्हतं. ते बाबांनीच जोडलं.

"म्हणजे अंदाज," ते म्हणाले.

"अंदाजच. पण शिकवलेला."

"आमचं पण तेच. सारा तालुका कोण कापून पाहते? पण तुमचा अंदाज खरा हाय का नाही, हे कोण सांगते?"

"काही विश्वं आम्ही बाजूला ठेवतो. प्रोग्रामला ती दाखवतच नाही. शेवटी त्याला त्यांच्याबद्दल विचारतो आणि उत्तर ताडून बघतो."

"परीक्षेचा पेपर लपवून ठेवल्यासारखं," बाबा म्हणाले आणि हसले. हसताना हात आपोआप छातीवर गेला.

त्यानंतरचे काही महिने चांगले गेले. चहा घेताना ते विचारायचे, "आज तुह्या प्रोग्रामनं काय दिवे लावले?" मी सांगायची. त्यांना अर्धंच समजायचं, मग ते कापणीच्या दिवसांतलं काहीतरी सांगायचे. एका साहेबाला विंचू चावल्याचं, एका गावात मिळालेल्या मोहाच्या फुलांच्या भाकरीचं. आम्ही दोघं इतकं कधी बोललो नव्हतो. मी बारावीनंतर घराबाहेर पडले ती पडलेच. मला वाटलं, हे असंच चालणार.

बाबा बरे झाले. जिना चढू लागले. मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावर जाऊन पोहे खाऊ लागले, वरची तिखट तर्री न घेता. आषाढात मोठ्या बाबांचा, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा, फोन आला. रामटेकच्या अलीकडच्या गावात त्यांची धानाची शेती आहे. "रोवणी सुरू झाली, शेताच्या धुऱ्यावर बसायले ये," ते म्हणाले. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बसायला हरकत नाही. बाबा आठवड्याचे कपडे घेऊन गेले. मी त्यांच्या गोळ्यांचा डबा भरून दिला.

आठवड्याने ते आले नाहीत. दोन आठवड्यांनीही नाही. फोनवर मागे बायका, गुरं, पाऊस असं सगळं एकदम ऐकू यायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "बेटा, मी आता इथंच राहतो म्हणून राहिलो."

"काहून?" मी विचारलं. हा शब्द माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी निघाला.

"तिथं तू काम करते अन् मी तुह्या पाठीकडे पाहत राहतो. इथं दिवसभर कोणी ना कोणी येते. मले माणसं लागतात वं."

"मग मी येऊ का तिकडे?"

"इथं तुहं काय काम? अन् रेंज कुठं हाय इथं? तू जा ना परत आता. माझ्यासाठी नको अडकून राहू."

परत जाण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही. "बघते," म्हणाले. गोळ्या वेळेवर घ्या म्हणाले. फोन ठेवल्यावर मी त्यांच्या खोलीत गेले, पलंगावरची चादर काढली आणि धुवायला टाकली. मग दुसरी घालायची की नाही हे मला ठरवता येईना. शेवटी घातली.

ज्यांच्यासाठी मी आले ते गावाला गेले आणि मी राहिले. सोसायटीत लोक होते, पण ते बाबांना ओळखत होते. मला "यांची मुलगी, बाहेर होती ती" एवढंच. शाळेतल्या मैत्रिणी पुण्याला, हैदराबादला गेलेल्या. भाजीवाल्याशी बोलणं व्हायचं. बैठकीत पहिला शब्द बोलताना माझा आवाज फाटायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. मग मी बैठकीआधी स्वयंपाकघरात जाऊन जोरात काहीतरी वाचायला लागले. डाळीच्या पाकिटावरचा मजकूर, कॅलेंडरच्या मागचं पंचांग. पडद्यावरच्या चौकोनांत दहा-बारा चेहरे असायचे. त्यांतले निम्मे एकाच इमारतीत बसलेले. बैठक सुरू व्हायच्या आधी ते कुठल्यातरी जेवणाबद्दल, कुणाच्या सायकलबद्दल बोलायचे आणि मी हसू तयार ठेवून बसायची.

हिवाळ्यात एम्युलेटरची परीक्षा घ्यायची वेळ आली. बाजूला ठेवलेली विश्वं मी एकेक करून काढली. बहुतेक ठिकाणी उत्तर जुळलं. पण ज्या विश्वांत पदार्थ जास्त गोळा झालेला होता, तिथे जवळच्या अंतरांवर एम्युलेटर चुकत होता. चूक लहान होती. आलेखावर दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या दिसायच्या. पण खऱ्या आकाशाचं आमचं माप त्या चुकीपेक्षाही बारीक होतं, म्हणजे ही चूक शेवटच्या उत्तरात शिरणार होती.

मी आधी स्वतःच्या प्रोग्रामवर संशय घेतला. तो पुन्हा लिहिला. मग शिकवण्याची पद्धत बदलली. मग आकाशगंगा गाठींत बसवण्याची. संक्रांत आली आणि गेली, पतंग उडवणाऱ्यांचा आरडाओरडा गच्चीवर झाला, मी खिडकी लावून घेतली. प्रत्येक वेळी त्याच विश्वांचं उत्तर चुकायचं. शेवटी मी सगळ्या विश्वांचे आकडे एका चित्रात मांडले, आणि कारण समोर आलं. चित्राच्या ज्या कोपऱ्यात ही विश्वं होती, तिथे शिकवण्यासाठी विश्वंच नव्हती, एखाददुसरं सोडलं तर. कुणाची चूक नव्हती. विश्वं निवडली गेली तेव्हा इतकं बारीक माप येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. न बघितलेल्या जागेचं एम्युलेटर बापडा काय सांगणार?

बैठकीत मी चित्र दाखवलं. प्रमुख बाईंनी नीट बघितलं. त्या कधी घाई करत नाहीत.

"दुरुस्त होईल?" त्यांनी विचारलं.

"त्या कोपऱ्यात नवी विश्वं चालवली तर."

"महासंगणकावर आपली पाळी पुढच्या वर्षी. शोधनिबंध तोवर थांबणार नाही. जवळची अंतरं वगळू या. लांबच्या अंतरांवर एम्युलेटर बरोबर आहे ना?"

"आहे. तिथे त्याची फारशी गरजही नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे. वाईट वाटतं."

जवळची अंतरं हाच माझा भाग होता. त्याच्यासाठीच मला घेतलं होतं. सगळ्यांनी आभार मानले, वेळेत पकडलंस म्हणाले, आणि पडद्यावरचे चौकोन एकामागून एक विझले. मला कुणाला तरी सांगायचं होतं. बाबांना फोन लावला. मोठ्या आईने, मोठ्या बाबांच्या बायकोने, उचलला.

"ते तिकडे शेतात गेले, बांधीकडे. काही अर्जंट हाय का वं?"

"नाही. सहज केला."

"जेवली?"

"जेवले," मी म्हणाले. संध्याकाळचे पाचच वाजले होते, पण तिने विचारलं म्हणून.

मे महिन्यात उत्तर उघडायचं ठरलं. अशा कामात खरं उत्तर शेवटपर्यंत झाकून ठेवतात. नाहीतर माणूस नकळत हव्या त्या आकड्याकडे झुकतो. सगळ्या तपासण्या संपल्या की एका दिवशी सगळ्यांसमोर झाकण काढायचं. तिकडे सकाळ होती, इकडे भर दुपार. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी कूलरमध्ये पाणी भरलं, बरा कुर्ता घातला आणि लॅपटॉपसमोर बसले. तिकडे सगळे एका खोलीत जमले होते. माझ्यासारखे बाहेरून जोडलेले आणखी दोघंतिघं होते, त्यांनी कॅमेरे बंद ठेवले होते. मी चालू ठेवला.

आलेख उघडला. आमचं उत्तर इतरांनी वेगळ्या मार्गांनी काढलेल्या उत्तरांना धरून होतं. अनिश्चिततेचा पट्टा मात्र आम्हाला हवा होता त्यापेक्षा रुंद होता, आणि ती जास्तीची रुंदी कुठून आली हे मला ठाऊक होतं. टाळ्या झाल्या. कुणीतरी बाईंना मिठी मारली. माझंही नाव कुणीतरी घेतलं आणि काही जणांनी कॅमेऱ्याकडे हात हलवले. मीही हलवला. मग सगळे केक कापायला शेजारच्या खोलीत गेले. लॅपटॉप चालूच राहिला. बाहेरून जोडलेले बाकीचे निघून गेले. मला एक पांढरी भिंत दिसत होती, दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर कुणाचं तरी जाकीट. पलीकडून हसण्याचे आवाज येत होते. शब्द कळत नव्हते. मी कॉल बंद केला नाही. मी ती खोली ओळखत होते. भिंतीच्या उजवीकडे खिडकी आहे आणि तिथून चेस्टनटचं झाड दिसतं. पण ते चित्रात येत नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाई लॅपटॉप घ्यायला आल्या. पडद्यावर माझा चेहरा बघून दचकल्या.

"तू अजून आहेस? मला वाटलं गेलीस."

"नेटवर्क अडकलं होतं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने गावाला गेले. कळवलं नव्हतं. पोचले तेव्हा बाबा छपरीत खाटेवर बसले होते आणि भोवती चार-पाच जण. गावातल्या कुठल्यातरी पाणंद रस्त्यावरून वाद चालला होता आणि बाबा दोन्ही बाजूंचं ऐकून मधूनमधून एखादं वाक्य टाकत होते. ते काळे झाले होते आणि अंगाने भरले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"माही पोरगी," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "विश्व मोजते."

"कोणतं?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"हेच," बाबा म्हणाले. "दुसरं कुठून आणते."

सगळे हसले. मी पण हसले. मग वाद पुन्हा पाणंदीवर गेला आणि मी आत मोठ्या आईकडे जाऊन बसले. तिने आंब्याचा रस केला होता. मला वाढताना ती म्हणाली, "तुह्या बाबाले तिथं करमतच नव्हतं. आल्या दिवशी रडले इथं. तुले सांगितलं नसन."

"नाही."

"तुले करमते का तिथं?"

"करमते."

"कोण हाय तिथं?"

मी रसाची वाटी खाली ठेवली. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. आणखी एक पोळी वाढली.

ऊन उतरल्यावर बाबा मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. सावकाश चालत होते, पण दम लागत नव्हता. थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकावर आम्ही बसलो.

"मग, तुमचं निघालं का बरोबर?" त्यांनी विचारलं.

"निघालं. पण माझा भाग वगळावा लागला."

"काहून?"

"ज्या कोपऱ्यातलं उत्तर पाहिजे होतं तिथे कापणीच झाली नव्हती."

त्यांना लगेच समजलं. एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ खाली बसली.

"तुले एकटं वाटते का तिथं?" मग त्यांनी विचारलं.

"कधी कधी."

"मले पण वाटत होतं," ते म्हणाले. "तू समोर बसली असताना पण."

ते रागाने म्हणाले नाहीत. जसं दुखणं डॉक्टरला सांगावं तसं म्हणाले. मी त्यांचा हात धरला. माझ्या आठवणीत मोठेपणी पहिल्यांदाच. तेवढ्यात गाडी आली. त्यांनी मला खिडकीजवळची जागा मिळते का ते वाकून पाहिलं, आणि मिळाल्यावर हात वर केला. गाडी वळेपर्यंत ते तिथेच उभे होते, नंतरचं मला दिसलं नाही.

घरी आल्यावर काही दिवस मी काहीच केलं नाही. मग मिहानकडे, शहराबाहेरच्या कंपन्यांच्या भागात, एक जागा शोधली, जिथे कुणालाही टेबल भाड्याने मिळतं. काम घरूनही होत होतं. मला फक्त कुणीतरी आसपास हवं होतं. मेट्रोने खापरीपर्यंत जायचं, पुढे ऑटो. सगळीकडे कानात इयरफोन घातलेली सॉफ्टवेअरची माणसं. माझ्या शेजारी एक मुलगी बसते, विम्याच्या कंपनीसाठी काम करते. ती मला ताई म्हणते. पहिले कित्येक दिवस तेवढंच.

पुढच्या वर्षी महासंगणकावर आमची पाळी आली. त्या ओस कोपऱ्यात नवी विश्वं चालवली गेली. त्यांतली काही मी पुन्हा न बघता बाजूला ठेवली, उरलेल्यांवर एम्युलेटर नव्याने शिकवला, आणि एका सकाळी परीक्षा घेतली. पहिलं जुळलं. दुसरं जुळलं. मी उठून पाणी पिऊन आले आणि मग बाकीची बघितली. सगळी जुळली.

तिकडे अजून पहाट होती. कळवलं तरी पुढचे काही तास कुणी वाचणार नव्हतं.

"ताई, काय झालं?" शेजारची म्हणाली. "हसून राहिल्या."

"एक हिशेब बसला. वर्षाहून जास्त अडला होता."

"अरे वा. कशाचा?"

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. "आकाशगंगा असतात ना," मी म्हणाले, "त्या एकमेकींच्या किती जवळ राहतात, याचा."

तिने मान हलवली. मला वाटलं, ती खरंच ऐकत होती. मग तिचा फोन वाजला, "एक मिनिट हं," म्हणून ती काचेच्या दाराबाहेर गेली, आणि आली ती सरळ मीटिंगला बसली. दुपारी आम्ही एकाच टेबलावर डबे उघडले. तिने मला पाटवडीचा रस्सा दिला, मी तिला माझी वांग्याची भाजी. रस्सा तिखट होता, नाकातोंडातून पाणी आलं. तिने हसत हसत तिची बाटली पुढे केली. आकाशगंगांचं ती पुन्हा विचारेल असं मला वाटत होतं. तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मी पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावलं आणि ती तिच्या बाजूला सरकवून ठेवली.